दंडावरचा सेन्सर नेमका कुणाच्या दंडावर हवा?

"डॉक्टरसाहेब, ते दंडाला चिकटवायचं बटण मला लावून द्या ना."

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलं. बहुतेक वेळा म्हणणारी व्यक्ती तिशी-पस्तिशीची असते, मोबाईलवर रील पाहून आलेली असते, आणि तिला मधुमेह नसतो. असाच एक तरुण व्यापारी स्वतःच सेन्सर मागवून, लावून आला होता. फोनवरचा आलेख दाखवत म्हणाला, "पुरणपोळी खाल्ली की १५५ दाखवतंय. आता भाकरी पण बंद केली." त्याचा उपाशीपोटीचा आकडा ८८ होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पण चौदा दिवसांत झोप उडाली होती आणि जेवणाची भीती बसली होती.

त्याच आठवड्यात एक आई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला टाईप १ मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जाणार आणि मुलगीही सोबत, कारण मागे ठेवायला घरात कुणी नाही. आईचा प्रश्न एवढाच होता, "रात्री झोपेत हिची साखर उतरली तर मला कसं कळायचं?"

या प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र आज बाजारात आहे, पण त्या आईला ते परवडत नाही. आणि ज्याला गरज नाही त्याच्या दंडावर ते आहे. आजचा लेख या उलट्या हिशोबाबद्दल आहे. आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ, मग माझं मत सांगतो.

हे बटण करतं तरी काय?

रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा हा सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला चिकटतो. त्याला केसासारखी बारीक, लवचिक तार असते. ती कातडीखाली काही मिलिमीटर आत जाते. ती रक्तात पोचत नाही. आपल्या पेशींच्या भोवती जे पाणी असतं, त्यात ती बसते. रक्तातली साखर झिरपून या पाण्यात येते.

तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लावलेलं असतं. साखरेचा रेणू त्याला भेटला की रासायनिक क्रिया होते आणि अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. हा प्रवाह मोजून त्याचा आकडा फोनवर पाठवला जातो. दर पाच मिनिटांनी मोजलं तरी दिवसाला २८८ आकडे होतात. बोट टोचून तुम्ही दिवसातून फार तर चार वेळा मोजाल. चार फोटो आणि पूर्ण सिनेमा यांत जो फरक, तोच इथे आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये विकर आणि विद्युतअग्र एकत्र जोडण्याची युक्ती मांडली. सलग साखर मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला तिथे १९९९ मध्ये मान्यता मिळाली. त्यात आकडे रुग्णाला दिसत नसत. तीन दिवसांनी डॉक्टरांकडे जाऊन ते काढून पाहावे लागत. भारतातही २०१५ पासून डॉक्टरांनी लावायचे आणि १४ दिवसांनी वाचायचे सेन्सर आले. रुग्णाला स्वतःच्या फोनवर दिसणारे सेन्सर त्यानंतर आले.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

सेन्सर लावणाऱ्या प्रत्येकाला मी चार गोष्टी सांगतो.

पहिली, हा आकडा रक्तातल्या साखरेच्या थोडा मागे चालतो, साधारण पाच ते पंधरा मिनिटं. साखर वेगाने चढत किंवा उतरत असेल तेव्हा हा फरक मोठा दिसतो. म्हणून अंगाला घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि फोन मात्र ९० दाखवतोय, अशा वेळी शरीराचं ऐका आणि बोट टोचून खात्री करा.

दुसरी, त्या कुशीवर झोपलात तर सेन्सर दाबला जातो आणि आकडा खोटाच खाली येतो. रात्री दोन वाजता ५५ दिसले म्हणून सगळं घर उठून बसतं आणि कूस बदलली की आकडा पुन्हा ११० होतो. लावल्याचा पहिला दिवसही जरा बेभरवशाचा असतो.

तिसरी, औषधांचा अडथळा. काही सेन्सरवर मोठ्या मात्रेतल्या क जीवनसत्त्वाने आकडा खोटा वाढतो, काहींवर जास्त पॅरासिटामॉलने. तुमच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर आमच्याकडून वाचून घ्या.

चौथी, गजर. साखर फार उतरली की काही सेन्सर आपणहून वाजतात. काहींत मात्र फोन दंडाजवळ नेल्याशिवाय आकडाच दिसत नाही. झोपेत उतरणाऱ्या साखरेसाठी हा दुसरा प्रकार कमी उपयोगाचा. विकत घेण्याआधी हे विचारा.

आणि एक इशारा. कातडीला काहीही न टोचता साखर मोजतो म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की, स्वतःहून साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो.

गरज कुणाला, हौस कुणाला

माझ्या मते क्रम असा असावा.

सर्वांत आधी टाईप १ मधुमेहाची मुलं. यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. एक दिवस बंद केलं तरी जीवाला धोका, थोडं जास्त झालं तरी धोका. त्यानंतर दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे मोठे रुग्ण, विशेषतः ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाही असे. त्यानंतर इन्सुलिनवर असलेल्या गरोदर महिला.

फक्त गोळ्यांवर असलेल्या टाईप २ च्या बहुतेक रुग्णांना कायमचा सेन्सर लागत नाही. फार तर वर्षातून एखादा सेन्सर, चौदा दिवसांसाठी, शिकण्यापुरता. पोह्यांनी काय होतं, ज्वारीच्या भाकरीने काय होतं, जेवणानंतर वीस मिनिटं चाललं की काय होतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माझ्या शंभर सल्ल्यांपेक्षा जास्त पटतं.

मधुमेह नसलेल्यांना माझं उत्तर सरळ आहे, लावू नका. जेवणानंतर साखर थोडा वेळ १४० च्या वर जाणं निरोगी माणसातही घडतं. तो आजार नव्हे, ते पचन आहे. त्या पैशात वर्षातून एकदा रक्त तपासा, रक्तदाब मोजा, कंबर मोजा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी जणांना तो आहे हेच ठाऊक नसतं. सेन्सरच्या आधी साधी तपासणी सर्वांपर्यंत पोचायला हवी.

अड्ड्यावरची रात्र

आता त्या मुलीकडे वळू.

बीडमध्ये राहणाऱ्यांना ऊसतोड समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दरवर्षी पावसाळा सरला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा भागांतून गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात जायचं, पाच-सहा महिने कोपीत राहायचं. पहाटे तीन-चारला उठून फडावर, कधी रात्री गाडी भरायला.

या आयुष्यात टाईप १ चं मूल सांभाळणं म्हणजे काय ते पाहा. जेवणाची वेळ ठरलेली नाही, इन्सुलिनची वेळ मात्र ठरलेली. मूल दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळतं, पाणी आणतं, पळतं. अंगमेहनतीने स्नायू साखर ओढून घेतात आणि त्याचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. म्हणजे साखर उतरण्याचा धोका नेमका तेव्हा, जेव्हा थकलेले आई-बाप गाढ झोपेत असतात किंवा फडात असतात. इन्सुलिन ठेवायला फ्रीज नाही. माठाच्या गारव्यात, ओल्या कापडात जपून ठेवावं लागतं. आई दर दोन तासांनी उठून बोट टोचू शकत नाही. तिला चार वाजता कोयता धरायचा असतो.

अशा ठिकाणी वाजणारा गजर ही चैन नाही. शहरातल्या मुलाला फ्रीज आहे, शेजारी डॉक्टर आहे, झोपलेल्या लेकराकडे बघायला कुणीतरी जागं आहे. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला या यंत्राचा फायदा सर्वांत जास्त.

पण किंमत पाहा. एक सेन्सर साधारण चार ते पाच हजार रुपयांना, चालतो चौदा दिवस. वर्षाला २६ लागतात. म्हणजे एक लाखाच्या वर. बोट टोचण्याच्या पट्ट्या दिवसाला चार वापरल्या आणि एक वीस रुपयांची धरली, तरी महिन्याला २,४०० रुपये होतात. तेवढेही या घरांना झेपत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या शेवटी पट्ट्या संपतात आणि अंदाजाने इन्सुलिन दिलं जातं.

"आधी पट्ट्या तर द्या"

माझ्याच काही सहकाऱ्यांचा आक्षेप आहे. ते म्हणतात, "जिथे इन्सुलिन आणि पट्ट्या नियमित मिळत नाहीत तिथे सेन्सरच्या गप्पा कशाला?" आक्षेप खोटा नाही. इन्सुलिनशिवाय सेन्सर म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीला बसवलेला चांगला स्पीडोमीटर. त्यामुळे क्रम ठरलेलाच आहे, आधी इन्सुलिन, मग सुया आणि पट्ट्या, मग सेन्सर. शिवाय सेन्सरला स्मार्टफोन लागतो, तो चार्ज लागतो, आणि घामाने, उसाच्या पाचटाने चिकटपट्टी निघते. थंड जागी ठेवायचा नवा सेन्सर पत्र्याच्या पेटीत किंवा उन्हात राहिला तर खराब होऊ शकतो. हे सगळं मला मान्य आहे.

मला मान्य नाही ते पुढचं वाक्य, जे न बोलता गृहीत धरलं जातं. "म्हणून हे त्यांच्यासाठी नाहीच." मोबाईल आला तेव्हाही असंच वाटलं होतं. आज कोपीत फोन आहे. प्रश्न असा आहे की, आपण मागणी आत्ता करणार की वीस वर्षांनी?

आपल्या जिल्ह्याने शिकलेला धडा

वैद्यकीय सेवा आपोआप गरजेप्रमाणे वाटली जात नाही, हे बीडइतकं कुणाला ठाऊक असणार? २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अनेकींचं वय चाळिशीच्या आत. पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारींना तपासणी आणि औषध मिळायला हवं होतं, मिळाली शस्त्रक्रिया. खाडा पडला की मजुरी कापली जाते, आणि पाळी आली की खाडा पडतो, हे गणित त्यामागे होतं.

मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. जिथे पैसा खर्च होऊ शकतो तिथे नको ती गोष्टही पोचते, आणि जिथे होत नाही तिथे हवी ती गोष्टही पोचत नाही. सेन्सरच्या बाबतीत आज तेच घडतंय. घाबरलेल्या निरोगी माणसाला तो विकणं सोपं आहे, मजुराच्या मुलीपर्यंत नेणं अवघड.

याच महिलांशी जोडलेला आणखी एक मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. मधुमेहासाठी आपण जी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, पाहतो ती रक्तपेशींवरून मोजली जाते. लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली दिसू शकते. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटी कमीही दिसते. अशा वेळी इन्सुलिन वाढवायचं की नाही हे चौदा दिवसांच्या एका सेन्सरने जास्त नीट ठरवता येतं. सरकारी रुग्णालयात असा एक सेन्सर डॉक्टरांच्या हाती असणं, ही काही फार मोठी मागणी नाही.

साखरेनंतर काय?

वाचक विचारतात, साखर अशी मोजता येते तर बाकीचं का नाही? एका चिपवर सगळ्या तपासण्या, असं ऐकलंय त्याचं काय?

अडचण समजून घ्या. साखर शरीरात भरपूर आहे आणि तिला ओळखणारं उत्तम विकर निसर्गाने दिलेलं आहे. हृदयविकारात वाढणारी प्रथिनं किंवा संप्रेरकं तिच्या तुलनेत अत्यंत कमी असतात. ती पकडायला प्रयोगशाळेत आपण प्रतिपिंडं वापरतो. पण प्रतिपिंड एकदा रेणूला धरलं की लवकर सोडत नाही. एकदाच्या तपासणीला ते चालतं. सलग मोजायचं तर धरायलाही हवं आणि सोडायलाही हवं, नाहीतर रक्तातलं प्रमाण उतरलेलं कळणारच नाही. शिवाय शरीरातली प्रथिनं सेन्सरवर थर धरतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावं तशी.

यावर एक उपाय म्हणून डीएनएच्या छोट्या तुकड्यांपासून असे सेन्सर बनवले जातात, जे रेणू चिकटला की आकार बदलतात आणि तो सुटला की पूर्ववत होतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये जिवंत उंदरांच्या रक्तातलं कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हे औषध अशा चिपवर सलग मोजून दाखवलं. दुसऱ्या एका गटाने २०२२ मध्ये सूक्ष्म सुयांच्या पट्टीवर माणसांमध्ये साखरेसोबत लॅक्टेट आणि अल्कोहोल मोजलं. दिशा खरी आहे. पण उद्या सकाळी मूत्रपिंड, हृदय, कर्करोग सगळं दंडावर कळेल असं कुणी सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

तरीही मी या संशोधनाकडे आशेने पाहतो. उन्हात राबणाऱ्या ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार मध्य अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. ऊन, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम हे त्यामागचं महत्त्वाचं कारण मानलं जातं. फडातल्या माणसाचं मूत्रपिंड थकतंय हे आधीच सांगणारा स्वस्त सेन्सर आला, तर तो बीडसाठी बनवल्यासारखाच असेल. फक्त तो आल्यावर पुन्हा आधी जिममध्ये जाऊ नये.

माझ्या मागण्या

एक, जिल्ह्यातल्या टाईप १ मधुमेहाच्या प्रत्येक मुलाची नोंद एका ठिकाणी हवी. ही मुलं शेकड्यांत मोजता येतील अशी आहेत, लाखांत नाहीत. त्यांना मोफत इन्सुलिन आणि पट्ट्या वर्षभर मिळाव्यात, आणि हंगामात ती जिथे जातील तिथल्या आरोग्य केंद्रातही त्याच कार्डावर मिळाव्यात.

दोन, बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे सेन्सरचा साठा असावा. वारंवार साखर उतरणाऱ्या मुलांना आणि इन्सुलिनवरच्या गरोदर महिलांना तो विनामूल्य मिळावा. सरकारने एकगठ्ठा खरेदी केली तर किंमत उतरते, हे लसींच्या बाबतीत आपण पाहिलं आहे.

तीन, साखर कारखान्यांनी मजुरांच्या आरोग्याचा भार थोडा उचलावा. अड्ड्यावर एक चार्जिंगची जागा, एक थंड पेटी आणि साखर उतरली तर काय करायचं हे ठाऊक असलेला एक माणूस, एवढ्याने सुरुवात होईल.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर लक्षणं पाठ करा. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड, बरळणं, डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग थोडं जेवण द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दिवसा फार श्रम झाले असतील तर झोपण्याआधी एकदा बोट टोचाच. इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

त्या मुलीच्या आईला मी हेच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. आम्ही रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा थोडी कमी केली, दोन गजर फोनवर लावून दिले, मुकादमाशी बोललो. सेन्सर देता आला नाही. ती जाताना म्हणाली, "बघते साहेब, जागी राहीन." दिवसभर ऊस तोडून रात्री जागं राहायचं, हा उपचार नव्हे. मला त्या आईला असं सांगून पाठवावं लागू नये, एवढीच माझी या यंत्राकडून आणि आपल्या सरकारकडून अपेक्षा आहे.